जुन्या गादीच्या पाच चांदण्या

म्या फकस्त नाव बदललं होतं.

मानसाचं नाई, दुकानाचं. अन् पाटीवरचंबी नाई, मोबाईलमंदल्या नकाशावरचं. बोटभर काम. तेवढ्यासाठी माहा पोरगा फारुख माह्यावर असा भडकला का काई इचारू नका, दुकानात त्रेचाळीस नारळ जमा झाले, अन् भातकुलीकडचा येक मानूस आमच्या दुकानात असा झोपला का त्याले पाहाले अर्धी गल्ली जमली. यात माही चूक किती ते तुमीच पाहा. (मले इचारान तं काईच नाई.)

आमी पिंजारी. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, वरून टाके घालायचे, झाली गादी. मूर्तिजापुरात शकुंतलेच्या स्टेशनासमोर आमचं दुकान, माह्या सासऱ्याच्या टायमापासून. शकुंतला म्हनजे ते लहान रुळाची आगगाडी. इतकी हळू चाले का पॅसिंजर खाली उतरे, गादीचा भाव करे अन् परत चढे. (हे जरासक जास्त झालं. पन खिडकीतून तं भाव करतच.) सारा गाव आमच्या दुकानाले 'जुनी गादी' म्हने. "कुठं उतरू?" "जुन्या गादीपाशी उतर." पाटी कधी लावलीच नाई, कामच पडलं नाई.

माहा नवरा, अल्ला त्याले जन्नत देवो, गिऱ्हाइकाले येकच गोष्ट सांगे. "माह्या गादीवर पाठ टेका अन् मिनिटं मोजा. तिसरं मिनिट मोजाले जागे राह्यले तं गादी वापस." अन् खरंच होतं ते. चाळीस वर्ष म्या सोता पाह्यलं. जेवन झालं का तो आडवा होये, मी त्याले दिवसभराच्या गमती सांगाले बसो, अन् माही गमत रंगात आली का तिकडं घोरनं सुरू. गादीच तशी होती, काय करता! (हे ध्यानात ठेवा. मी बी ठेवाले पाह्यजे होतं.)

मंग यवतमाळकडची शकुंतला बंद पडली. मंग फोम आला. फारुखनं घाबरून पाटी लावली, तीबी इंग्रजीत: न्यू स्टार मॅट्रेस वर्ल्ड. आठ बाय बाराचं वर्ल्ड! त्यातबी अर्ध्यात पिंजनमशीन.

अन् वरून ते बोंडअळीचं साल. बोंडं फुटलीच नाई, वावरंच्या वावरं नांगर घालून मोडले लोकाईनं. लगनं पुढं गेली. लगन नाई तं आंदन नाई, आंदन नाई तं गादी नाई. ज्याईची लगनं झाली त्याईची सामूहिकमंदी, अन् तिथं आंदनात फोम. कापसाच्या मुलखातली मानसं स्पंजवर झोपून राह्यली! ज्यानं भांडे घासायचे त्याच्यावर झोपते का कोनी?

येका दिवशी फारुख दुपारी जेवाले बसला अन् भाजीत पाहूनच बोलला, "अम्मी, म्या अकोल्याच्या फोमच्या शोरूमले होकार देल्ला. पुढच्या येक तारखेपासून. भंगारवाला मशीन पाहून गेला. फ्लॅटबी पाह्यला, तिसरा माळा."

(घरात आमी आमच्या बोलीत बोलतो. पन गोष्ट मराठीत सांगून राह्यली म्हनून फारुखची चिडचिडबी मराठीतच देते. तुमाले तेवढीच समजन.)

तिसरा माळा आयकून माह्या हातातला घास तिथंच थांबला. मी सत्तर वर्षाची बाई, सारी उमर ओट्यावर बसून काढली. येनाऱ्याची चप्पल लपवनं, शेजारच्या सुंदराबाईच्या दारावर थाप मारून भिंतीमागं दडनं, दूधवाल्याले "तुही म्हैस आता इकडून गेली" म्हनून पळवनं, असे शंभर काम असते मले. तिसऱ्या माळ्यावर कोनाची चप्पल लपवू? कबुतराची?

"अन् दुकान?" म्या इचारलं.

"कोन येऊन राह्यलं दुकानात, अम्मी? महिन्यात दोन गाद्या. त्यातबी येक तुनंच मागवली होती, गंमत म्हनून, सुंदराबाईच्या नावानं."

(हे त्याले कोनं सांगतलं, अजून तपास चालू हाये.)

फारुखची बायको निखत हुशार पोरगी. तिनं म्हनलं, "येक महिना तं हाये ना हातात? आजकाल लोक दुकान आधी मोबाईलात पाह्यते, मंग पायानं जाते. आपून मोबाईलात हावोच कुठं? त्या अमरावतीच्या सोहमले बलावू."

आला सोहम. खांद्याले लॅपटाप, बोलनं गोड. पुन्याले शिकून आल्यानं मराठी मातर अशी बोले का जसं काई कोर्टाचं समन वाचून राह्यला.

"आजी, तुमचं दुकान सर्चमध्ये सतराव्या पानावर आहे."

"सतरावं पान कोन पाह्यते रे बाप्पा? मी तं चौथीच्या पुस्तकात बाराव्याच पानावर शाळा सोडली."

"तोच तर प्रॉब्लेम आहे. कोणीच पाहत नाही. आपल्याला नीट कीवर्ड टाकावे लागतील."

"कीड?"

"कीड नाही आजी, कीवर्ड."

"औंदा साऱ्या वावरात कीडच कीड पडली अन् तू ते दुकानात टाकतो? कापसाचं दुकान हाये लेका हे!"

फारुखनं कपाळाले हात लावला. निखत पदरात हसली. सोहमनं शांतपनानं सांगतलं, का लोक जो शब्द शोधते तोच शब्द आपल्या नावात पाह्यजे, आपून काय करतो ते चार ओळीत लिवलं पाह्यजे, अन् गिऱ्हाइकाईनं आपला अनुभव लिवून पाच चांदण्या देल्या पाह्यजे. मंग दुकान वर येते. "मग ट्रॅफिक वाढेल," त्यानं म्हनलं.

"फाटक बंद झालं का वाढतेच."

सोहम पंधरा दिवसानं येतो म्हनून गेला. (त्याले च्या देल्ला होता, त्यात साखरेच्या जागी मीठ म्या टाकलं नव्हतं. ते चुकून झालं.)

पन त्याची गोष्ट माह्या डोक्यात बसली. लोक जो शब्द शोधते! कोन शोधन 'मॅट्रेस वर्ल्ड'? इथल्या लोकाईच्या तोंडात तं 'जुनी गादी'.

दुकानात पिन लावाचं बटन येकच, त्यात मशीन लागते. म्हनून फारुखचा मोबाईल दुपारी घरी चार्जिंगले असते. म्या तो उचलला अन् सुंदराबाईले हाक मारली, कारन चष्मा तिच्यापाशी हाये. दोघी ओट्यावर बसलो. सोहमनं दाखवलेलं दुकानाचं पान काढलं, तिथं येक पेन्सिलीचं चित्र, त्याच्यावर बोट ठेवलं. नाव इचारलं. माईक दाबला अन् म्हनलं, "जुनी गादी." बराबर लिवलं त्यानं! मले तं वाटलं, चौथी पास झाली.

मंग इचारलं, ठिकानाचा प्रकार कोनता. लंबी यादी. सुंदराबाई येकेक अक्षर जुळवून वाचे. "दु-का-न."

"दुकान तं सारेच टाकत असन. दुसरं पाह्य."

"धा-र्मि-क स्थ-ळ."

"आपून पाच वक्ताचे नमाजी, कापसात कधी जुन्या चिंध्याईची भर घातली नाई, धर्मानं धंदा केला. दाब तेच."

तिनं दाबलं. (तिनं दाबलं, म्या नाई. हे लिवून ठेवा.)

मंग चार ओळी. ते मी बोलली, मोबाईलनं लिवल्या: "तीन पिढ्याची गादी. बसलेलं उठवून मिळेल. अंगावरचा भार हलका होईल. नवरा-बायकोची सोय वेगळी. लहान लेकराचं रडणं बंद होईल. नको असलेला पाहुणा तीन दिवसात जाईल. गुरुवार हा जुन्या गादीचा खास दिवस."

आता सांगा, यात येक तरी शब्द खोटा हाये का? बसलेली गादी आमी पिंजून उठवतोच. भारी गोधडीच्या जागी हलकी रजई देतो. नवरा-बायकोले डबल वेगळी शिवतो. लेकराले मऊ लागते. नको असलेल्या पाहुन्यासाठी पातळ गादी, गोळे-गोळे राह्यलेल्या कापसाची, ते माही सोताची कल्पना. अन् गुरुवारी लोकाईच्या जुन्या गाद्या मोकळ्या करून पिंजाचा दिवस, शुक्रवारी सुट्टी असते म्हनून.

राह्यल्या चांदण्या. येका मोबाईलवरून येकदाच देता येते म्हने. म्हनून दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायाईचे मोबाईल जमा केले. "टार्च पाह्यजे," असं सांगून. भर दुपारी. कोनीच इचारलं नाई काहून पाह्यजे, यावरून समजा माही कीर्ती. अन् बायाईनं जे आपल्या तोंडानं सांगतलं होतं तेच बोलली. सुंदराबाईच्या नावानं: "बारा वर्षांचं पाठीचं दुखणं जुन्या गादीनं आठ दिवसात गेलं." तिच्या सुनेच्या नावानं: "दोघांचं रोजचं भांडण होतं, गादी मिळाली, आता शांती आहे." (येकाच अरुंद गादीवर दोघं झोपे, भांडन काय व्हाचं नाई?) अशा सात-आठ. पाच-पाच चांदण्या. साऱ्या खऱ्या.

आठ दिवसानं फारुख बोंबलत घरात आला. "निखत! अम्मी! 'गादी' म्हनून टाकलं का अकोल्यापासून अमरावतीपर्यंत आपलं दुकान पयलं येऊन राह्यलं! सोहमनं कमाल केली!"

मी गप बसली. मले माहा मोठेपना सांगत फिराची सवय नाई. (रात्रीपर्यंत सांगतलं असतं.) पन तो इतका खूश होता का त्यानं खाली काय लिवलं ते वाचलंच नाई. नुसता नंबर पाहून नाचला.

मंग आला गुरुवार.

सकाळी मी दुकानात गेली तं पायरीखाली चपलाईची रांग. बारा जोड, कशा सरळ मांडलेल्या! माह्या हाताले खाज सुटली, पन म्हनलं आज नाई, आज धंद्याचा दिवस. आत फारुखसमोर दर्यापूरकडचे नत्थुजी म्हनून येक पागोटेवाले म्हातारे, संगं त्याईची बायको, हातात नारळ.

"या, या, बसा. काय पाह्यजे?" फारुख म्हने.

"काई नाई महाराज, गादीचं दर्शन झालं म्हनजे झालं."

"पाहा ना! हात लावून पाहा."

"हात लावू देता?"

"हात काय, बसून पाहा!"

"नाई बाप्पा," नत्थुजी दोन पावलं मागं सरकले, "आमची काय लायकी! किती वर्षाची हाये गादी?"

"तीन पिढ्या. आधी आजोबा बसत, मंग अब्बा, आता मी. पन आता बंद करून अकोल्याले चाललो."

म्हातारीनं डोळ्याले पदर लावला. "बंद नका करू हो! आमचं इचारनं राह्यलं अजून."

"इचारा ना माय. सिंगल का डबल?"

"डबल," म्हातारीनं म्हनलं. "सासूबी हाये अन् जाऊबी."

फारुख जरासक गोंधळला. पन गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. नत्थुजीनं हळूच इचारलं, "गादी बसते किती वाजता?"

"बसत नाई आमची गादी!" फारुखनं छाती ठोकली. "धा वर्ष बसत नाई. ग्यारंटी!"

"पन मोबाईलवर तं गुरुवारी बसते म्हनून हाये."

"मोबाईलवर?"

नत्थुजीच्या बायकोनं मोबाईल पुढं केला. फारुखनं वाचलं. वर वाचलं, खाली वाचलं, धार्मिक स्थळ वाचलं, बारा वर्षाचं दुखनं वाचलं. त्याचं तोंड आमच्या पिंजलेल्या कापसावानी पांढरं पडलं.

"अम्मीऽऽऽ!"

मी गाद्याईच्या थप्पीमागं होती. तिथूनच म्हनलं, "अम्मी घरी नाई."

तवापर्यंत बाहेर गर्दी वाढली. येक अकोल्याची जीप कौंडन्यपूरचं दर्शन करून वापस जाऊन राह्यली होती, त्याईनं म्हनलं जाता जाता इथलंबी करून घेऊ. फारुख पायरीवर उभा राहून हात जोडून सांगे, "मी महाराज नाई हो! साधा गादीवाला हावो! ह्या झोपाच्या गाद्या!"

मागून कोनीतरी म्हनलं, "खरे महाराज असंच म्हनते. मोठेपना घेत नाई."

साऱ्याईनं माना हलवल्या. दोन नारळ अजून आले.

"आमी पिंजारी हावो!" फारुख वरडला.

"जात कोन पाह्यते महाराज. गुन पाहून आलो आमी."

फारुख रडाचा बाकी राह्यला. मंग मी पुढं झाली. लेकराचे हाल पाहावले नाई. (अन् थप्पीमागं पायाले मुंग्याबी आल्या होत्या.) वरच्या गादीवर मांडी घालून बसली अन् म्हनलं, "येकेक जन या."

नत्थुजीच्या बायकोनं सांगतलं, जाऊ तीन महिने झाले पाहुनी म्हनून आली, हालत नाई.

"तिले झोपाले काय देल्लं?"

"आमची चांगली गादी."

"तिथंच चुकलं. फारुख, ते पातळवाली काढ, गोळ्याची. हे टाक तिच्याखाली. तीन दिवसात न गेली तं मी सोता येऊन तिच्या शेजारी झोपते."

म्हातारी हसली. येक गादी गेली! मंग येक लेकरूवाली आली, तिले सरकीचा येक दाना नसलेली मऊ गादी. मंग येक नवरा-बायको, तिथं उभ्या उभ्याच भांडून राह्यले होते, त्याईले डबल. घंटाभरात तीन गाद्या अन् दोन उशा. मले वाटलं आता फारुख माह्या पाया पडते.

फारुखनं मले मशीनमागं नेलं. आवाज बारीक, पन डोळे भरलेले. "अम्मी, तुले चपला लपवाच्या तं लपव. पन हे लोक दुःख घेऊन आले. औंदा कसं साल गेलं ते तू पाह्यलं. त्याईच्या दुःखाची मस्करी करून मले दुकान चालवाचं नाई. त्याच्यापरीस म्या फोम इकला तं चालन. नारळ वापस कर साऱ्याईचे. मी उद्याच अकोल्याले जाऊन येतो."

सत्तर वर्षात मले बोलाले शब्द सापडला नाई असं दोनदा झालं. येकदा दाढ काढली तवा, अन् हे.

मी नारळ वाटाले बाहेर गेली. लोक घेत नाई. "देल्लेलं वापस घेत नसते माय," म्हनते अन् जाते. दुपारपर्यंत गर्दी पांगली. कोपऱ्यात येक मानूस तेवढा राह्यला. पन्नाशीचा, दाढी वाढलेली, हातात नारळबी नाई. त्याचं नाव देवमन, भातकुलीकडचा.

"तुमाले काय इचारायचं, बाप्पा?"

"काई नाई."

"मंग?"

"झोप येत नाई," त्यानं म्हनलं. "वावर मोडलं तवापासून. डोळे लावले का थे बोंडं दिसते. हाताशी आलेले, आतून सडके. बायकोनं थे मोबाईलवर वाचलं अन् धाडलं मले. मले बुवाबाजीत भरवसा नाई, माय. पन तिले नाई कसं म्हनू."

म्या मागं पाह्यलं. फारुख मशीनपाशी उभा राहून आयकून राह्यला होता. मस्करी नको, हे मले कळलं. मंग काय करावं? मले दुसरं येतेच काय?

"इथं महाराज कोनीच नाई, बाप्पा," म्या म्हनलं. "ते म्या नाव चुकवलं. गादी तेवढी हाये. उन्हाचे आले, पाठ टेका. मी तवापर्यंत तुमाले आमच्या जावयाची गोष्ट सांगते, जरासक हसान."

ही माही सगळ्यात भारी गोष्ट. नंदेचं नवीन लगन झालं तवा जावई पयल्यांदा घरी आला, अन् म्या रात्रभर बसून त्याच्या गादीत अकरा घुंगरू शिवले, का कूस पालटली का सारं घर वाजलं पाह्यजे. तिथून पुढं तं लय भानगड हाये! देवमन आडवा झाला. म्या सुरू केलं. आधी जावई कोनच्या गाडीनं आला ते सांगतलं, मंग त्याच्या टोपीचं सांगतलं, मंग घुंगरू कोनापासून आनले, त्या दुकानदाराची मावशी आमच्या कोन लागे ते सांगतलं. अन् आता जावई गादीवर बसनार, येवढ्यात...

घुर्रऽऽ.

असा घोरला देवमन का शकुंतला वापस सुरू झाली वाटे. फारुखनं मशीन बंद केली. निखतनं त्याच्यावर चादर टाकली. सुंदराबाई आली, तिची सून आली, गल्ली जमा झाली, सारे तोंडावर बोट ठेवून. दुपारचा झोपलेला मानूस पार पाचच्या सुमाराले असरची अजान झाली तवा उठला. डोळे चोळले, इकडंतिकडं पाह्यलं, अन् म्हनलं, "हे गादी मले पाह्यजे. हेच."

पाहनाऱ्याईनं तिथल्या तिथं सहा गाद्या लिवून देल्या. आठ दिवसात अकरा झाल्या. फारुखनं सोहमकून नकाशावर 'गादीचे दुकान, झोपण्याची' असं लिवून घेतलं, पन 'जुनी गादी' नाव तसंच ठेवलं. भंगारवाल्याले वापस धाडलं. अकोल्याले फोन करून म्हनलं, येत नाई. गिऱ्हाइकाले सांगाले लागला, बापावानीच, "पाठ टेका अन् मिनिटं मोजा, तिसरं मिनिट मोजाले जागे राह्यले तं गादी वापस." मी ओट्यावर परत चपला मोजाले बसली. कसं झाक झालं होतं सारं!

नवव्या दिवशी देवमन आला. फटफटीच्या मागं गादी बांधून.

"वापस घ्या," त्यानं म्हनलं. "घरी झोप येत नाई हिच्यावर. येक घडीबी नाई."

फारुखच्या हातातली सुई पडली. बाहेर तीन गिऱ्हाइकं उभे, कान टवकारून. हे गादी वापस गेली तं साऱ्याच वापस येनार, अन् येक तारखेले अजून सहा दिवस बाकी, अकोल्याले परत हो म्हनाले तेवढे पुरे. "असं कसं?" तो म्हने. "तीच गादी, तेच टाके! इथं टाका, पाठ टेका."

देवमन झोपला. डोळे टकटक. दोन मिनिटं झाले, पाच झाले. फारुखनं गादी पालटली. निखतनं उशी पालटली. पंखा लावला, बंद केला. देवमन छताकडं पाहून राह्यला. त्याचं तोंड असं उतरलं का माह्याच्यानं पाहावलं नाई. म्हनलं, याचं मन तं रमवू.

"देवमनजी, त्या दिवशी जावयाची गोष्ट अर्धीच राह्यली. पयल्यापासून सांगते. तं जावई आला तो पॅसिंजरनं. टोपी अशी का..."

घुर्रऽऽ.

 फारुखनं गादीकडं पाह्यलं. मंग माह्याकडं पाह्यलं. मंग परत गादीकडं. निखतनं तोंडात पदर कोंबला.

"अम्मी," फारुख हळूच बोलला, "अब्बा झोपे तवा तू काय करे?"

"गमती सांगो त्याले. रोज. काहून?"

 मंग मले समजलं. चाळीस वर्ष! तो गावभर आपल्या गादीची ग्यारंटी देत फिरला, अन् चाळीस वर्ष मले वाटे का मूर्तिजापुरात माह्यावानी गोष्ट सांगनारं कोनी नाई.

आता निखतनं माही गोष्ट, जावई गादीवर बसेपर्यंतची, मोबाईलात भरून घेतली हाये. प्रत्येक गादीसंगं गिऱ्हाइकाले धाडते, फुकट. अजून येकबी गादी वापस आली नाई. देवमनच्या बायकोनं सोता चांदण्या देल्या, पाचच्या पाच: "गादी ठीक आहे. पण म्हातारी बोलायला लागली की जावई गादीवर बसायच्या आत झोप लागते. महिनाभरात आमच्या ह्यांनी टोपीच्या पुढचं ऐकलेलं नाही."

त्याच्याखाली माह्या पोटच्या पोरानं, दुकानाच्या नावानं, लिवलं: "धन्यवाद. आम्हीपण ऐकलेलं नाही."

म्हनून म्या ठरवलं, घुंगरू वाजल्यावर काय झालं ते येकदा तरी पुरं सांगून ठेवू. काल दुपारी दार लावून घेतलं, मोबाईल समोर उभा केला, अन् पयल्यापासून सुरू केलं. जावई आला, टोपी काढली, घुंगरूवाल्याची मावशी झाली, जावई गादीवर बसला बी! अन् पाह्यते तं काय, मोबाईलची काच काळी.

निखतले हाक मारली. तिनं येऊन पाह्यलं अन् म्हनलं, "काई नाई झालं अम्मी त्याले. झोपला तो."